गोधडी दोघांनी पिळायची, अ‍ॅम्प ब्रिज करायचा

भाच्याची स्कॉर्पिओ नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत आली ती डिकीत द्राक्षांचे क्रेट आणि चेहऱ्यावर वैताग घेऊन. गाडी इथलीच, सातपूरच्या कारखान्यात बनलेली. वूफर (खोल आवाजाचा मोठा स्पीकर), अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरला ताकद देणारा डबा, थोडक्यात अ‍ॅम्प) आणि वायरिंग मात्र बाजारातून करून घेतलेलं. तक्रार सरळ होती. "मामा, आवाज वाढवला की दहा मिनिटांत अ‍ॅम्प बंद पडतो. लाल दिवा लागतो. थोडं थांबलं की परत सुरू." वायरिंग कसं केलंय, असं विचारलं तर म्हणाला, "दुकानदाराने ब्रिज करून दिलंय. म्हणाला, डबल पॉवर मिळेल."

हे डबल कुठून येतं, हे मात्र ना दुकानदाराने सांगितलं, ना याने विचारलं. बॅटरी तीच, अ‍ॅम्प तोच, आत नवा पार्ट टाकलेला नाही. तरीही ब्रिज केल्यावर, म्हणजे अ‍ॅम्पचे दोन चॅनेल एकाच वूफरला लावल्यावर, त्याला जास्त ताकद मिळते हे खरं आहे. ती फुकट मिळत नाही, हेही तितकंच खरं. लाल दिवा लागत होता तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

चार चॅनेलचा अ‍ॅम्प म्हणजे एकाच डब्यात चार छोटे अ‍ॅम्प. प्रत्येकाला स्पीकरसाठी दोन स्क्रू, एक प्लस आणि एक मायनस. साधी जोडणी असते तेव्हा या दोनपैकी एकच टोक काम करतं. ते गाण्याच्या लाटेबरोबर वर-खाली होतं, दुसरं शून्यावर गप्प बसतं. स्पीकरच्या कॉइलला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) एवढंच कळतं की आपल्या दोन टोकांमध्ये फरक किती. फरक जितका मोठा, तितका कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, पुढे-मागे हलणार.

आता गोदाघाटावर गाडगे महाराज पुलाच्या बाजूला कपडे धुणाऱ्या बायका आठवा. ओली गोधडी एकटीने पिळायची तर एक टोक खांबाला अडकवायचं आणि दुसरं हातात धरून पीळ द्यायचा. पाणी निघतं, पण बेताचं. दोघी असल्या की एक उजवीकडे पिळते, दुसरी डावीकडे. प्रत्येकीने हात तेवढाच फिरवला तरी गोधडीत पीळ पडतो दुप्पट. ब्रिज म्हणजे हेच. वूफरचं एक टोक एका चॅनेलच्या हातात, दुसरं टोक दुसऱ्या चॅनेलच्या हातात, खांब गायब. पहिला चॅनेल वर जातो त्याच क्षणी दुसरा तितकाच खाली जातो. दोन टोकांमधला फरक, म्हणजे व्होल्टेज, दुप्पट.

दोघी चुकून एकाच बाजूला पिळायला लागल्या तर? गोधडी हातात गोल गोल फिरेल आणि पाणी थेंबभरही निघणार नाही. म्हणून ब्रिजमधला एक चॅनेल उलटा चालावाच लागतो. याला 'फेज उलटी करणं' म्हणतात. आपल्याकडे फेज म्हटलं की टेस्टर लावल्यावर पेटणारी घरातली वायर डोळ्यांसमोर येते, त्यामुळे घोटाळा होतो. इथे फेज म्हणजे लाटेची वेळ, ती वर असताना दुसरी कुठे आहे ते. पण घरातल्या फेजचंही उदाहरण इथे चालतं. भाच्याच्या वडिलांची दिंडोरीकडे बाग आहे. तिथल्या थ्री फेज मोटरच्या स्टार्टरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट मिळतात आणि दोन फेजच्या मध्ये ४००च्या घरात. न्यूट्रल गप्प असतो, फेज दोन्ही नाचतात, म्हणून फरक वाढतो. तिथे फेज पूर्ण उलट्या नसतात म्हणून दुप्पट होत नाही. अ‍ॅम्पमध्ये त्या पूर्ण उलट्या असतात.

हे तंत्र काही नवं नाही. ज्यांनी कॉलेजात असताना ४४४० या अ‍ॅम्पच्या आयसीची (चिपची) किट सोल्डर केली असेल, त्यांनी ब्रिज नकळत वापरलेला आहे. सान्योचा एलए४४४०. त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे असत: दोन चॅनेल वापरले तर प्रत्येकी ६ वॅट, ब्रिज केला तर १९ वॅट. सहाचे दुप्पट बारा, मग एकोणीस कसे? कारण वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज दुप्पट झालं की त्याच स्पीकरमधून करंटही दुप्पट वाहतो, आणि दोन दुणे चार. हिशेबाने २४ यायला हवेत, आतल्या नुकसानीत थोडे जातात, हातात १९ येतात.

डॅशबोर्डवरच्या टेपमध्येही (आमच्या घरात अजून त्याला टेपच म्हणतात) हेच चालतं. गाडी चालू असताना मिळतात चौदा-साडेचौदा व्होल्ट. एकट्या चॅनेलने त्यातून ४ ओहमच्या (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला फार तर सहा-सात वॅट निघतील. म्हणून टेपच्या आतला प्रत्येक चॅनेल मुळातच ब्रिज असतो आणि खरे वीसेक वॅट देतो. खोक्यावरचे '५० x ४' हे क्षणभराच्या शिखराचे आकडे, ते सोडून द्या. यातून एक कामाची गोष्ट निघते: टेपच्या स्पीकर वायरीतली मायनस म्हणजे अर्थ नव्हे. तीही नाचते. ती बॉडीला जोडली की टेपची आयसी गेलीच म्हणून समजा. टेपला आरसीए आउटपुट (अ‍ॅम्पसाठी सिग्नल देणारी पिन) नसेल आणि स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घ्यायचा असेल, तर अ‍ॅम्पचं हाय लेव्हल इनपुट किंवा मध्ये कन्व्हर्टर वापरायचा, मायनस वायरी एकत्र करून बॉडीला पिळायच्या नाहीत.

आता फुकट न मिळणारा भाग.

परत गोधडीकडे या. दोघी उलट दिशांना पिळतात तेव्हा गोधडीचा मधला भाग जागचा हलत नाही. जणू तिथे अदृश्य खांब आहे. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला पिळायला अर्धीच गोधडी आली. आणि आखूड कापडाला पीळ देणं जड जातं, हे टॉवेल आणि रुमाल दोन्ही पिळून पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. ब्रिजमध्ये चॅनेलचं असंच होतं. वूफर ४ ओहमचा असला तरी प्रत्येक चॅनेलला वाटतं की आपल्याला २ ओहमचाच स्पीकर लावलाय. ओहम जितके कमी, तितका करंट जास्त, तितकी उष्णता जास्त. ब्रिजमधलं सगळं गणित या एका वाक्यात आहे: स्पीकरचे ओहम निम्मे करा, तेवढा भार प्रत्येक चॅनेलवर.

भाच्याच्या अ‍ॅम्पवर छापलेले आकडे असे होते. ४ ओहमला ७५ वॅट x ४. २ ओहमला १०० वॅट x ४. ब्रिज, ४ ओहमला २०० वॅट x २. कोणत्याही प्रामाणिक अ‍ॅम्पवर हे आकडे एकमेकांशी जुळतात. ब्रिजचे २०० म्हणजे २ ओहमचे १०० अधिक १००, कारण ब्रिजमध्ये दोन्ही चॅनेल २ ओहमच पाहत असतात. ७५ची चौपट ३०० का नाही? कारण अ‍ॅम्पच्या आतला पॉवर सप्लाय, जो बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून देतो, तो दुप्पट करंट ओढल्यावर थोडा दबतो. तुमच्या अ‍ॅम्पवर २ ओहमचा आकडा आणि ब्रिजचा आकडा यांचा काही मेळच लागत नसेल, तर खोक्यावरचा कोणताच आकडा गंभीरपणे घेऊ नका.

आणि वॅट वाढले म्हणजे आवाज तितका वाढला असंही नाही. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल (आवाजाचं माप) वाढतात. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ७५वरून २००वर गेलात तर सव्वाचार डेसिबल. फरक जाणवतो, पण काचा फुटत नाहीत. म्हणून माझं मत असं की ब्रिज करायचा तो फक्त सबवूफरसाठी, म्हणजे डिकीतल्या वूफरसाठी. छोट्या खोक्यात खोल आवाज काढायला खरंच ताकद लागते. दारातल्या स्पीकरना ब्रिज करून २०० वॅट देणं म्हणजे सायकलला ट्रॅक्टरचं इंजिन. चार चॅनेलच्या अ‍ॅम्पची सगळ्यात समंजस जोडणी हीच: चॅनेल १ आणि २ पुढच्या दोन दारांना, ३ आणि ४ ब्रिज करून वूफरला.

भाच्याच्या गाडीत जोडणी हीच होती. घोटाळा वूफरमध्ये होता.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वूफरना दोन कॉइल असतात, म्हणून मागे चार टर्मिनल. भाच्याचा होता ४ अधिक ४ ओहमचा. दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र केले की जोडणी समांतर होते आणि ओहम निम्मे, म्हणजे २. पहिल्या कॉइलची मायनस दुसरीच्या प्लसला जोडली आणि उरलेली दोन टोकं अ‍ॅम्पला नेली की जोडणी एकसरीत होते आणि ओहम दुप्पट, म्हणजे ८. दुकानदाराने समांतर केलं होतं. २ ओहमचा वूफर ब्रिजला लावला म्हणजे प्रत्येक चॅनेलवर भार किती? १ ओहम. अ‍ॅम्पच्या अंगावर मात्र स्पष्ट लिहिलेलं, ब्रिजमध्ये किमान ४. बिचारा अ‍ॅम्प तापत होता आणि स्वतःला वाचवायला बंद पडत होता. त्यावर द्राक्षांचे क्रेट रचलेले, खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना हवा नाही, आणि बाहेर एप्रिलचं नाशिक. बंद पडला नसता तर जळला असता. तो लाल दिवा म्हणजे बिघाड नव्हता, अ‍ॅम्पची शुद्ध शाबूत असल्याची खूण होती.

हे सगळं मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. अ‍ॅम्पपासून वूफरची वायर सोडवा आणि ओहम मोजा. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतो, ४ ओहमच्या कॉइलला साधारण साडेतीन. इथे पावणेदोनच्या आसपास आलं, म्हणजे समांतर. वायर बदलून एकसरीत केल्यावर सात आलं. एकसरीत जोडताना एका कॉइलची प्लस-मायनस उलटी झाली तर दोन कॉइल एकमेकींशी भांडतात आणि कोन हलतच नाही. मीटर हे पकडत नाही, त्याला ओहम तेवढेच दिसतात. त्यासाठी रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना टेकवायचा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर सरकला की जोडणी बरोबर.

"मामा, पण आता ८ ओहम झाले. पॉवर कमी नाही का होणार?" होणार. ब्रिजमध्ये ८ ओहम म्हणजे प्रत्येक चॅनेलवर ४, म्हणजे ७५ अधिक ७५, दीडशे वॅट. २००च्या जागी १५०, फरक सव्वा डेसिबलचा. डोळे मिटून बसलात तर सांगता येईल की नाही शंका आहे. बदल्यात अ‍ॅम्प थंड राहतो. वूफर अजून विकत घ्यायचा असेल आणि तो ब्रिजलाच लावायचा असेल, तर एकाच ४ ओहम कॉइलचा किंवा २ अधिक २ ओहमचा घ्या, दुसरा एकसरीत ४ होतो. ४ अधिक ४ वाला मोनो (एकाच चॅनेलच्या) अ‍ॅम्पसाठी चांगला, जो एकटा २ ओहम झेलतो.

पुढचा प्रश्न, कोणते स्क्रू. बहुतेक अ‍ॅम्पवर टर्मिनलच्या ओळीखाली एक कंस काढलेला असतो आणि तिथे ब्रिज असं लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तो चॅनेल ३च्या प्लसपासून चॅनेल ४च्या मायनसपर्यंत असतो. मधले दोन स्क्रू रिकामे. मायनस का बरं? कारण अशा अ‍ॅम्पमध्ये कंपनीने दुसरा चॅनेल आतूनच उलटा केलेला असतो. त्याचं नाचणारं टोक मायनसवर आणलंय आणि गप्प टोक प्लसवर. साध्या जोडणीतही तो उलटाच चालतो, पण स्पीकरही उलटा जोडला जात असल्याने कानाला सरळ ऐकू येतं. युक्ती सुंदर आहे. याचा आणखी एक फायदा: बेसचा मोठा ठोका आला की एक चॅनेल पॉवर सप्लायच्या वरच्या बाजूने ओढतो, दुसरा खालच्या, आणि भार वाटला जातो. चुकून मधले दोन स्क्रू वापरलेत तर दोन्ही गप्प टोकं हाती येतात आणि वूफर मुका. पण सगळ्या कंपन्यांची मांडणी एक नसते, म्हणून माझं ऐकून नव्हे, तर अ‍ॅम्पवरचं चित्र पाहून जोडा. चित्रच नसेल तर तो अ‍ॅम्प ब्रिज होत नाही असं धरून चाला. ब्रिजची मायनस वायरही बॉडीला लागता कामा नये, तीही नाचणारीच आहे.

एकसरीत केलं, गाडी सुरू केली, आणि बेस आला तो अगदी मिळमिळीत. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोष माझ्या जोडणीचा नव्हता. मागे पाहिलं तर टेपच्या सबवूफर आउटपुटमधून एकच आरसीए पिन आलेली आणि ती चॅनेल ३मध्ये खोचलेली. चॅनेल ४ला सिग्नलच नाही. म्हणजे एक बाई पिळतेय आणि दुसरी नुसती टोक धरून उभी. व्होल्टेज निम्मं, वॅट एक चतुर्थांश. काही अ‍ॅम्पमध्ये आतून सिग्नल वाटून देणारा स्विच असतो, याच्यात नव्हता. आधी भार चुकीचा असल्याने एक चतुर्थांश ताकदीतही अ‍ॅम्प तापत होता, यावरून २ ओहमचा ब्रिज किती जाच करतो ते कळावं. शालिमारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून वाय आकाराची पिन आणली, एका सिग्नलचे दोन केले, दोन्ही चॅनेलला दिले. डिकीचं झाकण थरथरलं.

बॅटरीपासूनची वायर थोडक्यात सांगतो. पुढचे दोन चॅनेल आणि ब्रिज मिळून तीनशे वॅट, निम्मी ताकद उष्णतेत जाते, म्हणजे पूर्ण आवाजात बॅटरीकडून चाळीसेक अँपिअर. त्यासाठी ४ गेजची तांब्याची वायर. गेजचा आकडा उलटा चालतो, लहान आकडा म्हणजे जाड वायर. ४ गेज म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम, ८ गेज म्हणजे साडेआठच्या आत. घरच्या गीझरला ४ स्क्वेअर एमएम लागते हे आठवलं की अंदाज येतो. स्वस्त किटमधली वायर वरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर एक माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या हाताच्या आत हवा, कारण तो अ‍ॅम्पला नव्हे, बोनेटपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या वायरीला वाचवतो. अर्थची वायर आखूड, रंग खरवडून उघड्या पत्र्याला.

राहिला गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. टेपमधून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्पचं माप जुळवायचा तो स्क्रू आहे. तो कानाने लावला की हमखास जास्त लागतो. वूफरची वायर काढा. टेपवर बेस बूस्ट वगैरे सगळं शून्य करा, आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा आणि फोनवरून ५० हर्ट्झचा एकसुरी टोन वाजवा. साधा मल्टिमीटरही ५० हर्ट्झ नीट मोजतो, तो घरच्या विजेसाठीच बनलेला असतो. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट. १५० गुणिले ८ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६. मीटर एसीवर ठेवून दोन्ही काड्या ब्रिजच्या दोन स्क्रूंवर टेकवल्या. काळी काडी बॉडीला लावली तर एकाच चॅनेलचं, म्हणजे निम्मं, माप मिळतं आणि माणूस गेन उगाच वाढवत बसतो. पूर्ण खालून हळूहळू स्क्रू फिरवत ३४ व्होल्टला थांबलो. वूफरच्या चॅनेलचा फिल्टर ८० हर्ट्झच्या खालचं जाऊ देणारा, दारांचा ८०च्या वरचं जाऊ देणारा.

वायर परत जोडली आणि भाच्याला त्र्यंबक रोडवर चक्कर मारायला पाठवलं. अर्ध्या तासाने आला. अ‍ॅम्पला हात लावून पाहिला, कोमट. "सगळं बरोबर आहे, पण एका ठराविक सुराला मागून फाटल्यासारखं घरघरतं. वूफर गेला का?" मी डिकीजवळ उभा राहिलो, त्याला तेच गाणं लावायला सांगितलं आणि नंबर प्लेटवर पंजा दाबून धरला. घरघर थांबली. नंबर प्लेटच्या मागे फोमच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आणि द्राक्षांचे क्रेट मागच्या सीटवर हलवले.